कानामागची मुंगी

मित्रांनो, मी एक जुना कप आहे. माझी बशी हरवलेली आहे. माझ्या बुडावर हिरव्या अक्षरांत माझ्या गावाचे आणि देशाचे नाव लिहिलेले आहे. पण पुण्याच्या नारायण पेठेत आल्यावर पहिली वीस वर्षे ते वाचण्याची तसदी कोणी घेतली नाही. एक बाई ते नाव पुनःपुन्हा पाहत असत, मात्र त्यांना वाचता येत नव्हते. ज्यांना वाचता येत होते, ते मला हात लावत नव्हते.

स्वतःचे वर्णन स्वतः करणे बरे दिसत नाही. पण दुसरे कोणी नीट करत नाही, म्हणून करतो. माझे बूड लहान आहे, पोट थोडे भरलेले आहे आणि कड अगदी किंचित बाहेर वळलेली आहे, ओठाला टेकावी इतकीच. माझा कान दोन बोटांत मावतो, तिसरे बोट त्यात जात नाही. अंगावर निळ्या रानफुलांच्या बारीक डहाळ्या विखुरल्या आहेत. ही फुले आमच्या देशात गव्हाच्या शेतात आपोआप उगवतात. डहाळ्या एका ओळीत नाहीत आणि सारख्या अंतरावरही नाहीत. मधे पुष्कळ जागा कोरी सोडली आहे. कडेला सोन्याची एकच रेघ आहे. मला रंगवणाऱ्या बाईला कुठे थांबायचे ते कळत होते, आणि हे फार थोड्यांना कळते.

माझा जन्म फ्रान्समधल्या लिमोज गावी एका कारखान्यात झाला, त्याला आता सव्वाशे वर्षे होऊन गेली. त्या गावाजवळ एक पांढरी माती सापडते. त्या मातीत दोन प्रकारचे दगड दळून मिसळले, मला घडवले, भाजले, वरून काचेचा पातळ थर चढवला आणि पुन्हा प्रचंड आचेत भाजले. दुसऱ्या भट्टीत लोखंडाचा एक कण माझ्यावर कुठून तरी उडून बसला. बाहेर आलो तेव्हा कानामागे, अंगाला कान चिकटतो त्या खोबणीत, मोहरीएवढा काळा डाग होता. असा माल बाजूला काढतात. पण मी रंगवणाऱ्या बाईंच्या टेबलावर गेलो. त्यांनी डागाकडे पाहिले, बारीक कुंचला घेतला आणि त्या डागाला सहा पाय काढले. डागाची मुंगी झाली आणि मी पहिल्या दर्जाच्या पेटीत गेलो.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यावरूनच झाले. माझ्या मातीत हाड नव्हते. इंग्रज लोक आपल्या चिनी मातीत बैलाच्या हाडांची राख मिसळतात, हे खरे आहे. आमच्याकडे तसे करत नाहीत.

एका इंग्रज साहेबाच्या बायकोने मला विकत घेतले आणि मी पुण्याच्या लष्कर भागातल्या बंगल्यात आलो. माझ्याबरोबर आणखी अकरा कप होते. ते एकेक करून फुटले. स्वातंत्र्यानंतर साहेब मायदेशी गेले आणि बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. टपाल कचेरीत नोकरी करणारे दिगंबरराव तिथे पुस्तकांसाठी काचेचे कपाट घ्यायला आले होते. कपाट त्यांनी घेतले, हातगाडीवर घालून नारायण पेठेत आणले, पहिल्या मजल्यावर चढवले. घरी उघडून पाहतात तो खालच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळलेला मी आणि माझी बशी.

दिगंबररावांच्या पत्नी आनंदीबाई यांनी मला हातात घेतले आणि त्यांचा चेहरा उजळला. हे मी पाहिले आहे, म्हणून सांगतो. तेवढ्यात शेजारच्या शकूवहिनी आल्या.

"साहेबाच्या कपात बैलाचं हाड असतं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे वाचलंय यांनी."

आनंदीबाईंनी मला जमिनीवर ठेवले.

"मग कपाटाचं काय करायचं?" दिगंबररावांनी विचारले. "कप त्यातच होता."

"कपाट पुसता येतं," आनंदीबाई म्हणाल्या.

मला टाकून द्यायलाही त्यांचे मन होईना. फुकट आलेली वस्तू पुण्यात सहसा कोणी टाकत नाही. मागच्या गॅलरीच्या भिंतीत एक कोनाडा होता, तिथे माझी रवानगी झाली. घराबाहेरच्या कामाच्या माणसांना चहा द्यायचा तो माझ्यात, असे ठरले. माणसाने स्वतः मला कोनाड्यातून उचलायचे, पुढे धरायचे, आनंदीबाई वरून चहा ओतणार, चहा झाला की माणसाने मला गॅलरीतल्या मोरीत धुऊन पुन्हा कोनाड्यात पालथे घालायचे. आनंदीबाई चहा हातभर उंचीवरून ओतत. एक थेंब कधी बाहेर सांडला नाही, हे मान्य केले पाहिजे.

कल्हईवाला यायचा, लाकडे फोडणारा यायचा. चहा घ्यायचे, मला विसळायचे, जायचे. त्यांना घाई असे. मलाही त्यांच्याबद्दल काही म्हणायचे नाही.

सरुबाईंची गोष्ट वेगळी होती. त्या नदीकाठच्या कुंभारवाड्यातून येत. वर्षातून तीनदा, संक्रांतीला सुगडी घेऊन, चैत्रात माठ घेऊन आणि दिवाळीला पणत्या घेऊन. त्यांचे यजमान संपत चाकावर बसत. त्यांच्यात बायकांनी चाकाला हात लावायचा नाही असा रिवाज होता. माती मळणे, मडकी थापटणे, त्यांवर गेरूच्या रेघा ओढणे आणि डोक्यावर पाटी घेऊन विकणे हे सरुबाईंचे काम. त्यामुळे त्यांच्या डोळ्यांना आकार कळत होता आणि बोटांना माती कळत होती.

पहिल्याच दिवशी त्यांनी चहा संपवला आणि मला लगेच धुतले नाही. फिरवून पाहिले. मग उलटे केले. तेव्हा आनंदीबाईंची मुलगी हेमा चार वर्षांची होती. ती उंबऱ्याच्या आत उभी होती, कारण गॅलरीतल्या कपाजवळ जायचे नाही, असे तिला सांगितलेले होते.

"उलटा का केला?" तिने विचारले.

"भांडं बुडाकडनं बघत्यात, ताई," सरुबाई म्हणाल्या. "वरनं काय, समदीच नटत्यात."

माझ्या बुडाला एक गोल कड आहे. मी भट्टीत तिच्यावर उभा होतो, म्हणून तिच्यावर काच चढवलेली नाही. सगळ्या अंगात तेवढीच जागा खरखरीत आहे. सरुबाईंनी त्या कडेवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

"हितं माती उघडी हाय," त्या म्हणाल्या. "कुठलीबी असू दे. माती हाय."

असे वर्षातून तीनदा होऊ लागले. त्या मला धुऊन उन्हाकडे धरत आणि आत बोट घालत. मग बाहेरून बोटाची सावली दिसे. हेमा उंबऱ्याच्या आतून पाहत राही. "एवढी पातळ भिंत ठेवून आकार उभा राहिला, म्हंजी करणाऱ्याचा हात काय असंल," असे सरुबाई म्हणत. त्या हेमाला सांगत, की फुलांवरून बोट फिरवले तर रंग किंचित उंच लागतो. ही डहाळी खालून वर काढली आहे, ही वरून खाली. इथे कुंचला भरलेला होता, इथे सुकत आला होता. अशा रीतीने घरातल्या सर्वांत खालच्या जागी ठेवलेल्या कपाकडे पाहायला कोणी शिकवले असेल, तर ते सरुबाईंनी. माझा मान कोनाड्यात जितका झाला, तितका पुढे कपाटात झाला नाही. मी हे रागाने म्हणत नाही. जे झाले ते सांगतो आहे.

मुंगी त्यांना एका दिवाळीआधी, पणत्या घेऊन आल्या तेव्हा सापडली. हेमा शाळेत गेली होती. कान घासताना सरुबाईंचा अंगठा खोबणीत गेला आणि थबकला. त्यांनी मला डोळ्यांजवळ नेले, मग नख लावून पाहिले. आणि त्या एकट्याच हसल्या.

"डाग झाकलास व्हय गं बाई," त्या पुटपुटल्या. मला रंगवणारी बाईच होती, हे त्यांना कसे कळले, ते मला आजवर कळलेले नाही. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. भट्टीत राहिलेली खोट एका कारागिराने झाकलेली असली, तर दुसऱ्याने ती उघडी करायची नाही, अशी त्यांची रीत होती.

पानशेतचे धरण फुटले त्या वर्षी नदी आमच्या गॅलरीत आली. घरची माणसे आधीच उंच भागाकडे गेली होती. आतली पितळी भांडी दारातून तरंगत गेली. मी कोनाड्यात होतो, तिथेच राहिलो. माझी बशी मात्र गेली. आठवड्याने सरुबाई आल्या. त्यांच्या घराच्या भिंती पडल्या होत्या, संपतचे चाक गाळात कुठे गेले ते सापडत नव्हते. त्या आनंदीबाईंना गाळ उपसण्यात हातभार लावायला आल्या होत्या. उपसून झाल्यावर त्यांनी कोनाड्यात हात घातला. पुराच्या पाण्याने मी पालथ्याचा उताणा झालो होतो आणि काठोकाठ चिखलाने भरलो होतो. त्यांनी मला तीन पाण्यांनी धुतले, उलटे करून बुडावर अंगठा फिरवला आणि खाली बसून थोडा वेळ रडल्या. त्या दिवशी चहा करायला घरात काहीच नव्हते.

पुढे हेमा मोठी झाली आणि मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवू लागली. तिथे तिची श्यामला नावाच्या शिक्षिकेशी मैत्री झाली. श्यामला मुंबईला कलेचे शिक्षण घेऊन आली होती आणि तिला जुन्या वस्तूंची माहिती होती. एकदा ती घरी आली, गॅलरीत हात धुवायला गेली आणि कोनाड्यापाशी थांबली. तिने मला सरळ उचलले, उलटे केले आणि माझ्या बुडावरचे नाव मोठ्याने वाचले.

"हा फ्रेंच आहे," ती म्हणाली. "कोनाड्यात काय ठेवलाय?"

"त्यात हाड असतं," आनंदीबाई म्हणाल्या.

"इंग्लिश कपात असतं. यात नसतं. ही नुसती माती आहे, काकू. असा कप आता पाहायलाही मिळत नाही."

वीस वर्षांचा निकाल दोन मिनिटांत लागला. आनंदीबाईंनी त्याच संध्याकाळी मला चिंचेने घासले, गंगेचे पाणी शिंपडले आणि कपाटात ठेवले. ज्या कपाटातून आलो, त्याच कपाटात परत गेलो, फक्त आता वरच्या खणात, दर्शनी, आणि कुलपात. किल्ली आनंदीबाईंच्या कमरेला. हेमाला फार आनंद झाला. मलाही झाला, खोटे कशाला बोलू?

दिवाळीला सरुबाई पणत्या घेऊन आल्या. नेहमीप्रमाणे कोनाड्यात हात घातला, तर तिथे स्टीलचा पेला.

"कप फुटला?" त्यांनी विचारले.

"नाही, सरुमावशी," हेमा उत्साहाने म्हणाली. "कपाटात ठेवलाय. इतकी वर्षं आईला वाटायचं त्यात हाड आहे. पण नाहीये, आता कळलं."

सरुबाईंचा हात गळ्याकडे गेला. तिथे तुळशीची माळ होती. त्या लग्नाआधीपासून माळकरी होत्या. त्यांच्या घरात अंडेसुद्धा येत नसे.

"हाड हाय असं समजत व्हता?" त्यांनी विचारले. "आन् मला त्यातनं चा देत व्हता?"

सरुबाईंनी पणत्या मोजून सुपात ठेवल्या. आनंदीबाई चहाचे भांडे घेऊन गॅलरीत आल्या, तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या.

"चा सोडलाया, वैनी," त्या म्हणाल्या आणि रिकामी पाटी उचलून जिना उतरल्या.

रात्री जेवताना हेमाने आईला सगळे सांगितले.

"तिनं माळ घातलीय, हे मला काय ठाऊक?" आनंदीबाई म्हणाल्या.

"गळ्यात असते, आई. दिसते."

दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ नव्हते, आणि दिगंबररावांनी ते बोलूनही दाखवले नाही.

त्यानंतर पंधरा वर्षे सरुबाई येत राहिल्या. सुगडी, माठ, पणत्या, काही चुकले नाही. पण त्या घरात त्यांनी पाण्याशिवाय काही घेतले नाही. आनंदीबाई दर वेळी विचारत, "चहा टाकू का?" सरुबाई दर वेळी म्हणत, "सोडलाया." दोघी एकमेकींशी माठाच्या गळण्याबद्दल आणि नातवंडांबद्दल नीट बोलत. गॅलरीच्या दारातून कपाट दिसे. जाताना सरुबाई एकदा तिकडे पाहत. काचेवर उजेड पडलेला असायचा, म्हणजे त्यांना मी दिसत नसणार. हेमाने ते हेरले होते.

"आई, एकदा तो कप काढ," ती म्हणायची. "त्यांच्या हातात दे."

"फुटला म्हणजे?"

"वीस वर्षं नाही फुटला. पुरातसुद्धा नाही."

आनंदीबाई विषय बदलत. त्यांना फुटण्याची भीती नव्हती. मला सरुबाईंच्या हातात द्यायचे म्हणजे त्याबरोबर काहीतरी बोलायला हवे होते, आणि ते त्यांना जमत नव्हते. माझ्याकडे पाहून माणसे "वा" म्हणत, तेव्हा त्या खाली पाहत. कपाटात असलो तरी मला काचेतून एवढे दिसत होते.

मग एका संक्रांतीला सरुबाईंनी आणलेल्या सुगड्यांतले एक कडेला वाकडे निघाले. त्यांच्या पाटीतले भांडे वाकडे असणे, हे कधी झाले नव्हते. हेमाने ते बाजूला ठेवले.

"वाकडं हाय न्हवं?" सरुबाई म्हणाल्या. "बोटाला लागलं मला, पर उशिरा. काचबिंदू झालाया. डावा डोळा गेला. उजव्याचं डाक्टर म्हणला, वरीसभर कसंबसं."

"काही बघायचं राहिलंय का, मावशी?" हेमाने विचारले. प्रश्न चमत्कारिक होता, पण तिला तोच सुचला.

सरुबाईंनी कपाटाच्या दिशेने मान वळवली आणि परत फिरवली. "बघून झालंय समदं," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून हेमाला चैन पडेना. उजवा डोळा आहे तोवर हा कप त्या हातांत गेला पाहिजे, एवढेच तिच्या मनात होते. किल्ली मागून मिळणार नव्हती आणि चोरायची नव्हती. चैत्र आला आणि तिला वाट सापडली.

चैत्रात आमच्या घरी चैत्रगौर बसते. पायऱ्या मांडून गौरीपुढे आरास करतात, घरातल्या देखण्या वस्तू त्यावर ठेवतात. बायका हळदीकुंकवाला येतात. कैरीची डाळ असते, पन्हे असते. हेमा आईला म्हणाली, "या वर्षी फ्रेंच कप आराशीत ठेवू. सगळ्यांना जवळून दिसेल." आनंदीबाईंना ते पटले. त्यांनी स्वतः कुलूप काढले आणि मला सर्वांत खालच्या पायरीवर, पुढे ठेवले. हेमाने कुंभारवाड्यात निरोप पाठवला, की माठ त्याच दिवशी दुपारी आणा.

दुपारी खोली बायकांनी भरली. श्यामलाही आली होती. तिने वाकून मला न्याहाळले.

"आकार जुनाच आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली. "पण फुलं छापील असावीत. त्या काळात छाप उठवायला लागले होते ते लोक. हातानं काढलेली असती, तर गोष्टच वेगळी होती."

आनंदीबाईंचा चेहरा पडला. छापील म्हटल्यावर मलाही अपमान वाटला, पण मला बोलता येत नाही.

"छापील न्हाई," गॅलरीच्या दारातून आवाज आला. "हातचं हाय."

सरुबाई उंबऱ्यापलीकडे उभ्या होत्या. डोक्यावरचा माठ त्यांनी खाली ठेवला होता. त्यांची सून मैना त्यांचा दंड धरून होती. सगळ्या बायका वळल्या.

"कशावरून म्हणता?" श्यामलाने विचारले. तिच्या विचारण्यात आढ्यता नव्हती, तिला खरोखर जाणून घ्यायचे होते.

"कानामागं मुंगी हाय. छापणारा मुंगी कशाला काढंल? तिच्या पोटात भट्टीचा डाग हाय. सांगायची न्हवती मी. पर त्या बाईच्या हाताला छापील म्हनू नगा."

आनंदीबाई पुढे आल्या आणि त्यांनी मला उचलले. कान आपल्याकडे वळवून खोबणीत पाहू लागल्या. जवळ नेले, लांब धरले. जवळचे पाहण्याचा त्यांचा चष्मा आत देवापाशी राहिला होता.

"कुठे गं?" त्या म्हणाल्या. "मला नाही दिसत मुंगी."

"मला तरी कुठं दिसतीया आता," सरुबाई म्हणाल्या.

कोणी काही सुचवायच्या आत त्यांनी पदराला हात पुसला आणि उंबरा ओलांडला. मैनाने त्यांना आनंदीबाईंसमोर आणून उभे केले. सरुबाईंनी चाचपडत आनंदीबाईंचा हात शोधला, त्याचे एक बोट धरले आणि माझ्या कानामागच्या खोबणीत नेऊन टेकवले. मित्रांनो, वीस वर्षे हातभर उंचीवरून ज्या हाताने चहा ओतला, तोच हा हात. दोघींची बोटे एकमेकींवर, आणि त्यांच्याखाली मुंगी.

"लागली?" सरुबाईंनी विचारले.

आनंदीबाईंनी मान हलवली. मग ते सरुबाईंना दिसणार नाही, हे ध्यानात येऊन त्या म्हणाल्या, "लागली."

बोट त्यांनी काढून घेतले नाही.

"चुकलं माझं, सरुबाई," त्या म्हणाल्या. खोलीतल्या सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या. "मला जे चालत नव्हतं, ते तुला चालतं का, हे विचारायला हवं होतं. तेव्हा विचारलं नाही, आणि नंतर तोंड नव्हतं."

सरुबाईंनी ऐकून घेतले. त्यांनी "असू द्या" म्हटले नाही, आणि मला ते आवडले. त्यांनी फक्त हाताची ओंजळ पुढे केली. आनंदीबाईंनी मला त्या ओंजळीत ठेवले आणि पन्ह्याचा तांब्या आणला. तांब्या माझ्या कडेला टेकवून, जवळून, त्यांनी पन्हे ओतले. या वेळी थोडे सांडले.

"पन्हं हाय न्हवं?" सरुबाई म्हणाल्या. "चा मी सोडलाया."

"पन्हंच आहे."

सरुबाई प्यायल्या. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. हेमाने त्यांना हळदीकुंकू लावले, मैनालाही लावले. श्यामलाने माझी मुंगी पाहण्यासाठी परवानगी मागितली, आणि ती आनंदीबाईंकडे न मागता सरुबाईंकडे मागितली. पाहून झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "मी बूड वाचलं आणि कान बघितलाच नाही."

मग सरुबाई मला घेऊन गॅलरीतल्या मोरीकडे वळल्या.

"राहू द्या मावशी, मी धुते," हेमा घाईघाईने म्हणाली. तिला वाटले, जुना नियम अजून त्यांच्या अंगात आहे. "आता तुम्ही नाही धुवायचा."

"नियम म्हनून न्हाई गं," सरुबाई म्हणाल्या. "धुतल्याबिगर ह्यो उलटा कसा करू?"

त्यांनी मला धुतले आणि उलटे केले. अंगठा बुडाच्या उघड्या कडेवर टेकवला आणि एक पूर्ण फेरी घातली. मग मला उन्हाकडे धरून आत बोट घातले. उजवा डोळा बारीक करून त्या पाहत राहिल्या. हेमाने विचारले, "दिसतंय का?" त्यांनी बोट हलवले, माझ्या भिंतीतून सावली हलली, आणि त्या म्हणाल्या, "हालतंय तेवढं दिसतंय." तेवढ्याने त्यांचे भागले. कोनाड्यात मला पालथे घालायला त्यांचा हात गेला. तो हेमाने धरला नाही. आनंदीबाईंनी धरला आणि मला आत नेले.

त्यानंतर कपाटाला कुलूप लागले नाही. सरुबाई आणखी सात वर्षे येत होत्या, शेवटची सहा वर्षे काहीही न दिसता, मैनाचा हात धरून. प्रत्येक वेळी त्या आतल्या खोलीत बसून माझ्यातून पीत, कधी पन्हे, कधी ताक. चहा मात्र त्यांनी पुन्हा घेतला नाही, आणि आनंदीबाईंनीही आग्रह केला नाही. कधीकधी दोघींचा मुंगी शोधण्याचा खेळ चाले, आणि सरुबाई नेहमी जिंकत.

आता त्या दोघी नाहीत. हेमा निवृत्त होऊन खराडीला भाचीकडे राहते. तिथे खिडकीतून मोठमोठ्या कचेऱ्या दिसतात आणि ऊन भरपूर येते. हेमा मला रोज वापरते. तिच्या शेजारच्या मुली म्हणतात, "आजी, हा अँटिक आहे, डिस्प्लेला ठेवा ना." हेमा त्यांना माझ्यातून काहीतरी प्यायला देते आणि म्हणते, "झालं की स्वतः धुवा. आणि धुताना उलटा करून बघा."

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे जुने भांडे असेल. त्याला काचेमागे ठेवून जपता येते, मी पंधरा वर्षे तसा जपला गेलो आहे. पण ते हातात घ्या, उजेडाकडे धरा, बूड पाहा, कान पाहा. करणाऱ्याचा हात तिथेच सापडतो. आणि त्या भांड्यातून कोणाला काही देणार असाल, तर त्या माणसाच्या गळ्याकडे एकदा नीट पाहा.

माझी मुंगी आता पुसट झाली आहे. इतक्या बोटांनी ती शोधली, की तिचे चार पाय गेले, दोन उरले. कुलपात राहिलो असतो, तर सहाही शाबूत राहिले असते. डाग तेवढा आहे तसाच आहे, आणि अंगठ्याला तो अजून लागतो.